राक्षसांच्या मुलखातला तांडा

दीनानाथरावांनी चौतीस वर्षं यवतमाळ जिल्ह्याची जमीन मोजली. साखळी ओढून ओढून हाताला घट्टे पडले. असा माणूस निवृत्त होऊन घरी बसला, आणि पोटची पोर काय करते, तर राक्षसांच्या मुलखाचे नकाशे काढते! घ्या, यालाच म्हणतात पांग फेडणं.

मितालीने एकदा समजावून सांगितलं होतं. परदेशात चांगली मोठी माणसं टेबलाभोवती बसतात, मध्ये नकाशा पसरतात. एक जण गोष्ट रचत जातो, बाकीचे तिच्यातले योद्धे, मांत्रिक, व्यापारी होतात आणि फासे टाकून पुढे सरकतात. अशा एका खेळाचा नकाशा काढायचं काम तिला मिळालं होतं.

"म्हणजे सापशिडीच की," दीनानाथराव म्हणाले. "फक्त साप परदेशी."

"जाऊ द्या बाबा, तुम्हाला नाही कळायचं."

हे वाक्य झोंबलं. दुसऱ्या दिवशी सकाळीच चष्मा लावून, लाल पेन्सिल घेऊन स्वारी टेबलाशी हजर.

"ही नदी डोंगर चढते का गं तुझी? आणि गाव थेट पुरात वसवलंस! मसणवटा कुठे आहे? राक्षस मरत नाहीत का? किल्ल्यावर जायला गाडीरस्ता नाही तो नाहीच!"

"ते उडतात, बाबा."

"उडोत बापडे. लग्नाचं वऱ्हाड कसं जाईल?"

तीन दिवसांत राक्षसांच्या मुलखाला पांदणीच्या वाटा मिळाल्या, गुरांना गोठाण मिळालं, मेलेल्या राक्षसांचीसुद्धा सोय झाली. स्वयंपाकघरातून कुंदाबाई म्हणाल्या, "नोकरीत असा जीव लावला असता तर बढती तरी मिळाली असती." दीनानाथरावांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. संसारात हे एक शास्त्र त्यांना उत्तम येत होतं.

चौथ्या दिवशी हिरासिंग आला. बोंडअळीचं वर्ष होतं. शेतात पऱ्हाटीला बोंडं कमी आणि बांधावर पाहणीच्या जीपगाड्या जास्त, अशी तऱ्हा. हिरासिंगचा तांडा कळंबच्या पलीकडे, एका नाल्याच्या पार. सोफ्यावर बसा म्हटलं तरी तो खुर्चीच्या टोकावर टेकला.

"साहेब, रस्ता मंजूर झाला, पण नाल्यापर्यंतच. मनतात, नकाशात नाल्यापल्याड पडीक हाये, पडकात रस्ता कायले? औंदा पावसाळ्यात आमच्या बबिताले बाळंतपणासाठी बाजेवर टाकून आणलं. लेकरू नाल्यातच गेलं. शहाऐंशीत मोजणी तुमीच केलती. तांडा तवाही होता, एवढा जबाब लिहून द्या. सोमवारी सुनावणी हाये."

शहाऐंशीचा वैशाख दीनानाथरावांना चांगला आठवत होता. कळंबला चिंतामणीचं दर्शन घेतलं, एका ओळखीच्याकडे पुरणपोळी झाली, मग डुलकी. डोळा उघडला तेव्हा ऊन नुसतं भाजत होतं. त्यांनी तिथेच ओसरीवर बसून नाल्यापलीकडच्या जागेत सुंदर वळणदार अक्षरात 'पडीक' लिहून टाकलं. बायकोलासुद्धा हे कधी सांगितलं नव्हतं. आता लिहून द्यायचं म्हणजे चौतीस वर्षांच्या इभ्रतीला भर कचेरीत काळं फासून घ्यायचं.

"हिरासिंगभाऊ, तेव्हा वस्ती पाहिल्याचं मला काही आठवत नाही. आणि न पाहता मी कसं लिहून देऊ? नियम असतो."

नियम ही मोठी सोयीची चीज आहे, ऐन वेळी पांघरायला सापडते.

हिरासिंग उठला नाही. चहा आला. बशीतला चहा फुंकता फुंकता त्याची नजर टेबलावरच्या नकाशावर गेली. मितालीने त्याला खेळ समजावून सांगितला. त्याने शांतपणे ऐकलं आणि एका वाटेवर बोट ठेवलं.

"या किल्ल्यापासून त्या बाजारात माल कसा जाते, बाई?"

"बैलांच्या पाठीवर."

"किती कोस?"

"बारा."

"मधात पाणी नाही. मंग नाही जात. लादलेला बैल पाच कोसावर बसते. आमचे आजे बैलावर मीठ, धान्य लादून मुलूखभर फिरत. इथं मधात झरा पाहिजे, न् झऱ्यापाशी तांडा."

"अरे, बरोबर!" दीनानाथरावांनी मांडीवर थाप मारली. पेन्सिल सरसावली. "किती घरं धरू?"

"साठ."

साठ घरं उमटली. झरा उमटला. किल्ल्यापासून तांड्यापर्यंत सरळ पक्का रस्तासुद्धा झाला. सगळं मिळून दोन मिनिटं लागली.

मिताली बापाकडे बघत होती. "बाबा, हा तांडा पाहून आलात?"

"खेळ आहे गं हा," ते हसले, पण हसू अर्धंच राहिलं.

हिरासिंगने बशी खाली ठेवली. त्याच्या आवाजात राग नव्हता, हेच वाईट.

"साहेब, न पाहता तांडा लिवता येत नाही मनता. मंग न पाहता पडीक कसं लिवलं?"

"कोणी... कोणी सांगितलं तुम्हाला, मी आलो नव्हतो म्हणून?"

"सांगाले कोण पाहिजे? मोजणीवाले साहेब येणार मनून अख्खा तांडा वाट पाहून राह्यलता. माह्या मायनं, हंसाबाईनं, तुमच्यासाठी सैपाक केलता. दिवस बुडेपर्यंत तांड्यात कोणी जेवलं नाही. पाव्हणा यायचा होता ना."

कुंदाबाई दारात येऊन उभ्या होत्या. दीनानाथरावांना वाटलं, हा माणूस ओरडला असता, दोन शिव्या घातल्या असत्या, तर किती बरं झालं असतं.

त्यांनी कोरा कागद ओढला. पहिली ओळ लिहायला त्यांना फार वेळ लागला: शहाऐंशी साली मी नाल्यापलीकडे गेलो नाही. दुसरी भराभर उतरली: पडीक हे मी कळंबला बसून लिहिलं, तिथे तांडा होता आणि तो माझी वाट पाहत होता. खाली हुद्द्यासकट पूर्ण सही केली आणि कागद हिरासिंगच्या हातात देताना त्याच्याकडे बघायचं धाडस काही त्यांचं झालं नाही.