झाकून ठेवलेली कॉफी

मला आनंद व्हायला फार काही लागत नाही. कॉफी उंचावरून ओतताना टंबलर आणि डवऱ्यामध्ये जो लांब तपकिरी धागा तयार होतो, तो पुरतो. डवरा म्हणजे आमच्याकडची खोलगट बशी, वाटीच म्हणा ना. टंबलर त्यात बसतो आणि कॉफी या भांड्यातून त्या भांड्यात खेळवून प्यायची असते. आणि दुसरं म्हणजे, मी लिहिलेलं कोड पहिल्याच फटक्यात चाललं की पोटात एक उडी येते. त्या उडीपुढे दिवाळीसुद्धा फिकी.

या दोन्हींची गाठ घालून मी एक वेबपेज केलं आणि अकरावीतली ही लक्ष्मीप्रिया शाळेत एकदम कुणीतरी झाली. आधी मला वर्गात नुसतं 'हजर' म्हणायलाही घाम फुटायचा. आता कॉम्प्युटरच्या मिस मलाच विचारतात, "हे नीट आहे का बघ ग." हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं वाचून तुम्ही मला घाबरट म्हणाल. मी घाबरट नाही.

आम्ही तंजावूरचे मराठी. घरात मराठी, रस्त्यावर तमिळ, शाळेत इंग्लिश. घरात देवनागरी येणारी मी एकटीच, तीही हिंदीच्या क्लासमुळे. तेव्हा चुकलं तर सांभाळून घ्या.

तर माझे आजा, अनिरुद्धराव, तिरुवैयारूला राहतात. राहायचे. कावेरीपासून दोन गल्ल्या आत, भाड्याचं छोटं घर, मागे विहीर. तिथं ते मुलांना व्हायोलिन शिकवायचे. आजी गेल्यावर माझ्या अप्पांचं, म्हणजे बाबांचं, एकच चालू झालं, "इकडं या. एकटे नको." आणि आजांचं उत्तरही ठरलेलं.

"तुझ्याकडच्या पाण्याची काप्पी मला लागत नाही रे, सतीश."

"पाण्यासाठी कुणी एकटं राहतं का?"

"पाण्यासाठी नाही, काप्पीसाठी."

खरं कारण आम्हा सगळ्यांना माहीत होतं. सकाळी डिकॉक्शन, म्हणजे कॉफीचा दाट अर्क, उतरेना की आजी फिल्टरच्या झाकणावर चमच्यानं टकटक करायची. तीन टकटक, मग जरा थांबून अजून एक. डिकॉक्शन त्यानं खरंच लवकर उतरतं का, देव जाणे. पण ओट्यावरची ती टकटक म्हणजे आजांना बोलावणं असायचं. ते बाहेरून ओरडायचे, "आलो, आलो!" आणि व्हायोलिनची तार लावत बसायचे. मग आजी त्यांच्या टंबलरवर डवरा पालथा घालून ठेवायची. आमच्या घरात झाकलेल्या कॉफीचा अर्थ एकच. जिच्यासाठी किंवा ज्याच्यासाठी ती आहे, ते माणूस अजून आलेलं नाही. तिला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही.

अप्पा आणि आजांची रोजची ओढाताण ऐकून माझं डोकं चाललं. मी माझा जुना फोन आजांच्या स्वयंपाकघरात फळीवर टेकवून ठेवला. तो दर मिनिटाला ओट्याचा एक फोटो काढणार आणि माझ्या पेजवर टाकणार. नवा फोटो आला की जुना पुसला जाणार. पेजचं नाव 'काप्पी झाली का?' अप्पांनी सकाळी नुसतं पेज उघडायचं. कॉफी दिसली, म्हणजे आजा उठले, चालते-फिरते आहेत, ठीक आहेत. ओट्यामागच्या भिंतीवर रोज एक पान फाडायचं कॅलेंडर होतं, त्यावरून फोटो आजचाच आहे हेही कळायचं.

"म्हणजे आता माझ्या काप्पीवर पोलीस बसवलास," आजा म्हणाले. पण खूश झाले. कॅमेऱ्यासमोर टंबलर उंच धरून दाखवायचे आणि बस्स, माझा दिवस चांगला जायचा.

थोड्याच दिवसांत मला फोटोत दोन टंबलर दिसू लागले. एक उघडा, एक झाकलेला. मला गहिवरून आलं. रविवारी गेले तेव्हा चिडवलंच, "काय हो आजा, आजीसाठी रोज वेगळी काप्पी काढता, आम्हाला मात्र दुसऱ्या डिकॉक्शनची पातळ!"

आजांनी कपाळाला आठ्या घातल्या. "दोन? मी एकच काढतो, लच्चू. तिचा टंबलर तर वर पालथा पडलाय. ती गेल्यापासून हात लावला नाही."

मी वर बघितलं. टंबलर पालथा होता. त्यावर धूळही होती. मला वाटलं, म्हातारा लाजतोय. धूळ कशी, हा विचार मला बसमध्ये आला आणि कंडक्टरनं तिकीट मागितल्यावर गेला.

मग तो सोमवार.

मिसनी मला माझं पेज सगळ्या वर्गाला दाखवायला सांगितलं होतं. लॅबमध्ये प्रोजेक्टर, पडदे ओढलेले, आणि मी पुढे उभी. वेणीला मोगरासुद्धा माळला होता. पेज उघडलं आणि भिंतीभर आजांचं स्वयंपाकघर पसरलं. फिल्टर, एक रिकामा टंबलर, त्याच्या शेजारी एक झाकलेला. कॅलेंडरवर आजची तारीख. अप्पांनी सकाळी हेच बघितलं होतं आणि "सेरी, ठीक आहे" म्हणून ऑफिसला गेले होते.

"हे बघा," मी म्हटलं, "आता मिनिटभरात फोटो आपोआप बदलेल."

बदलला. झाकलेला टंबलर आता ओट्याच्या मध्यावर होता.

"अय्यो, तुझे आजा कुठं आहेत डी?" रम्या पहिल्या बाकावरून म्हणाली. रम्या माझी मैत्रीण, तिला गप्प बसवत नाही. "लाजून टेबलाखाली लपले काय?"

सगळे हसले. मीही. फोटो पुन्हा बदलला. टंबलर आणखी पुढे आला होता, ओट्याच्या काठाशी. बाकी काही हललं नव्हतं. माणूस नाही, हात नाही, सावलीही नाही.

"सस्पेन्स!" मागून कुणीतरी ओरडलं.

पुढच्या फोटोत भिंतीवर फक्त टंबलर होता. पितळेचा, झाकलेला, एवढा मोठा की डवऱ्याच्या काठावरचा पोचा मला दिसला. तो पोचा मी लहानपणी पाडलेला. आजीचा डवरा. कुणीतरी तो कॅमेऱ्याच्या अगदी तोंडाशी धरला होता. मला दिसावा म्हणून.

हसणं थांबलं. आणि मला एकदम साधी गोष्ट कळली. इतकं उजाडून गेलं तरी कॉफी अजून झाकलेली. म्हणजे ज्यांच्यासाठी आजी ती झाकायची, ते आजा आलेले नाहीत.

"मिस, मला फोन करायचाय," मी म्हटलं. परवानगीची वाट न बघता धावले. ऑफिसातल्या फोनवरून आजांना लावला, नुसताच वाजत राहिला. मग शेजारच्या मुरलीअण्णांना लावला, ते नारळाचा धंदा करतात, दिवसा घरीच असतात. "अण्णा, भिंतीवरून उडी मारा, दार वाजवत बसू नका!" मी इतक्या मोठ्यानं ओरडले की शिपायाच्या हातातली घंटेची दांडी खाली पडली.

आजा मागे विहिरीपाशी पडले होते. पहाटे तोंड धुवायला गेले, पाय घसरला, मांडीचं हाड मोडलं. तेव्हापासून तिथंच. मुरलीअण्णांनी ॲम्ब्युलन्स बोलावली. मी आणि अम्मा स्कूटरवरून पोचलो तेव्हा त्यांना आत घेतच होते.

"जागा राहिलो म्हणून वाचलो," आजा माझा हात धरून म्हणाले. "ती आत टकटक करत होती. थांबून थांबून, सारखी. मी म्हणत होतो, आलो, आलो. पण पाय उठेना ग."

अम्मा त्यांच्याबरोबर गेली आणि मला म्हणाली, "लाइट-गॅस बघ, दार लावून मागून ये."

मी स्वयंपाकघरात गेले. फिल्टर कोरडा होता, त्याचे दोन्ही भाग जाळीवर पालथे, आदल्या रात्री धुऊन ठेवलेले. एकही टंबलर ओट्यावर नव्हता. कॅलेंडरवर रविवारच. आणि माझा फोन फळीवर होता, पण त्याची वायर सॉकेटमधून निसटलेली. हातात घेतला, बटण दाबलं. मेलेला. थंडगार. कधीचा कोण जाणे.

मी खूप शूर आहे हे सांगितलंच आहे. तरी दाराला कुलूप घालताना किल्ली दोनदा पडली.

आजांचं ऑपरेशन नीट झालं आणि ते आमच्या घरी आले. हॉलमध्ये त्यांचा पलंग. जुना फोन मी बंद करून माझ्या कपाटात टाकला, कपड्यांखाली. मग एकदा शाळेतून आल्यावर सवयीनं पेज उघडलं. एरर येईल असं वाटलं होतं.

तिरुवैयारूचं स्वयंपाकघर दिसत होतं. कुलूपबंद घर, किल्ली अप्पांच्या खिशात. ओट्यावर एकच टंबलर. झाकलेला. कॅलेंडरवर आजची तारीख.

मी किंचाळले असेन, कारण आजांनी हाक मारली. "काय दिसलं? दाखव."

दाखवायला नको होतं. त्यांनी फोन छातीशी धरून कितीतरी वेळ बघितलं. घाबरले नाहीत. उलट चेहरा असा सैल झाला, जसा दारावर ओळखीचा माणूस दिसल्यावर होतो.

त्यानंतर रोज तेच. "झाकलेलीच आहे का ग?"

"हो, आजा."

"मग वाट बघतेय."

आणि मग त्यांनी आमच्या हातची कॉफी घेणं बंद केलं. आधी कॉफी, नंतर रसम-भात, नंतर गोळ्याही. अम्मानं टंबलर पुढे केला की हात आडवा. डॉक्टर म्हणाले, पाय उत्तम आहे, पण खाल्लं नाही तर हे उठायचे नाहीत. अप्पा ओरडले, मग हात जोडले, मग गॅलरीत जाऊन उभे राहिले.

"लच्चू," आजा मला हळूच म्हणाले, "तिला मी आयुष्यभर थांबवलंय. आलो आलो म्हणायचं आणि जायचं नाही. आता जाऊ दे मला."

मला रडू आलं आणि रागही आला. आजीचा राग! मेल्यावरही कॉफी थंड होऊ देईना ही बाई. पेज पुसून टाकायला मला एक मिनिट लागलं असतं. पण पुसलं, तरी तिकडं ती झाकलेलीच राहणार होती. आजांना ते माहीत होतं. मलाही.

रविवारी मी अम्माच्या आधी उठले. कपाटातून जुना फोन काढला, चार्ज केला आणि आमच्या ओट्यासमोर, मसाल्याच्या डब्यांवर टेकवला. फिल्टरमध्ये पूड दाबली, उकळतं पाणी ओतलं. हातातल्या फोनवर पेज उघडलं. कॅमेरा इथं माझ्या पाठीशी, तरी पेजवर तिरुवैयारूच. तोच ओटा, तोच टंबलर.

तरी बोलले. मोठ्यानं बोलले, वर्गात बोलते तसं.

"आजी, ऐक. त्यांना तिकडं बोलवू नकोस. त्यांचा पाय मोडलाय, त्यांना येता येत नाही. तूच इकडं ये. इथलं पाणी वाईट आहे, मान्य. पण काप्पी मी करीन, पहिल्या डिकॉक्शनची, रोज. तुझी वेगळी. आणि कुणी हात लावणार नाही, मी बघते. निदान माझी बारावी होऊ दे ग."

मग चमचा घेतला आणि फिल्टरच्या झाकणावर तीन टकटक केल्या. थांबले.

चौथी मी केली नाही.

ती झाली. झाकणावरच, माझ्या चमच्यापासून वीतभर दूर.

हॉलमधून आजांचा आवाज आला, बारीक, पण अगदी जुन्या ठेक्यात, "आलो, आलो!"

पेज बदललं. तिरुवैयारूचा ओटा रिकामा होता. पुढच्या मिनिटाला आमचं स्वयंपाकघर आलं. पाठमोरी मी, माझी विस्कटलेली वेणी, आणि माझ्या कोपराशी एक झाकलेला टंबलर, काठाला पोचा असलेला डवरा घातलेला. मी मान वळवून बघितलं नाही. आजांची कॉफी भरली आणि सरळ चालत हॉलमध्ये गेले.

आजांनी टंबलर दोन्ही हातांनी धरला. एक घोट घेतला. तोंड वाकडं केलं.

"पाणी वाईट आहे," म्हणाले. आणि सगळी प्यायले. मग विचारलं, "इडली आहे का?"

आता ते वॉकर घेऊन स्वयंपाकघराच्या दारापर्यंत येतात. मी रोज दोन कॉफ्या काढते. एक त्यांची, एक झाकून ठेवते. शाळेतून आल्यावर डवरा उचलते तेव्हा टंबलर रिकामा असतो, तळाशी न ढवळलेली साखर तेवढी. आजी साखर कधीच ढवळायची नाही. अम्मा म्हणते मांजर पिऊन जात असेल. मांजर पिऊन झाल्यावर डवरा परत झाकून ठेवत नाही, पण मी अम्माशी वाद घालत नाही.

पेज अजून चालू आहे. रम्या रोज बघते, मिसही बघतात. मी मात्र स्वयंपाकघरात एकटी असताना ते उघडत नाही.