सात अष्टमांश

मी अपूर्णांकांचा लाकडी संच. गोड बोलायची सवय नाही. झालं ते सांगतो.

मला एका सुताराने घडवलं. त्याची शाळा तिसरीत सुटली, पण हात कधी चुकला नाही. त्याची मुलगी शिक्षिका व्हायला शिकत होती. सराव पाठासाठी तिला आठ सारख्या तुकड्यांची चकती हवी होती.

"बाबा, एक चकती घ्या आणि कापा. झालं."

"झालं काय? प्रत्येक कापाला करवत घास घेते. जोडल्यावर फटी राहतील. मग पोरांना काय सांगशील, उरलेलं उंदरांनी खाल्लं?"

त्याने आठही तुकडे वेगवेगळे कापले आणि घासून बसवले. सांध्यात नख शिरत नव्हतं.

वर्गात तिने विचारलं, "एक चतुर्थांश मोठा की एक अष्टमांश?"

"अष्टमांश!" सगळा वर्ग ओरडला. चारापेक्षा आठ मोठे, मग दुसरं काय म्हणणार?

तिने तुकडे वाटले. मागच्या बाकावरच्या मुलीने दोन जोडून पाहिले. "बाई, दोन मिळून पाव होतोय. म्हणजे आठवा लहान की! वाटेकरी जास्त, तर वाटा कमी."

"आमच्या घरी रोज हेच चालतं," तिच्या बाकावरची शेजारीण म्हणाली. वर्ग हसला.

पाठ तपासायला बसलेले सर हसले नाहीत. "खेळ पुरे. फळ्यावर उदाहरणं किती झाली?"

"एक, सर."

त्यांनी तिला नापास केलं. दुसऱ्यांदा तिने मला नेलं नाही. फळ्यावर सहा उदाहरणं सोडवली आणि पास झाली.

त्या पहिल्या पाठात माझा एक तुकडा गेला. मागच्या बाकावरच्या मुलीच्या मुठीत तो घरी गेला, हे मला ठाऊक आहे. साहित्याच्या वहीत मात्र नोंद झाली: 'नग अपूर्ण. वापरू नये.' मी अध्यापक विद्यालयाच्या काचेच्या कपाटात, कुलपाआड गेलो.

दर वर्षी शिकाऊ शिक्षक माझ्यासमोर बसून एक कागद भरतात. गणितात अशी साधनं उपयोगी आहेत का? सगळे लिहितात, 'अत्यंत उपयुक्त.'

"तू वापरशील?" एकीने एकदा शेजारणीला विचारलं.

"वेड लागलंय का? साठ पोरं, पस्तीस मिनिटं. तुकडे वाटेपर्यंत घंटा होईल."

खोटं कुणीच बोलत नाही. म्हणूनच कुलूप निघत नाही.

सुतार गेला. त्याची मुलगी याच विद्यालयात शिकवायला आली. केस पांढरे झाले होते. परवा एका विद्यार्थिनीने माझ्याकडे बोट दाखवलं. "बाई, हा पाठाला नेऊ?"

सुताराच्या मुलीने कपाट उघडलं. सातही तुकडे जोडले. सांध्यावरून नख फिरवलं. अजूनही शिरलं नाही. आठव्याच्या रिकाम्या जागेवर तिचं बोट थांबलं. मला वाटलं, आता बोलेल.

"अपूर्ण आहे. राहू दे," ती म्हणाली. "आणि खेळात वेळ घालवू नकोस. फळ्यावर उदाहरणं किती घेणार आहेस?"

कुलूप लागलं.

करवतीचा घास तिच्या बापाने आधीच धरला होता. त्या नापास शेऱ्याने पोरीचा घेतलेला हा घास त्याच्या हिशोबात नव्हता.

तुमच्या घरी एखाद्या जुन्या डब्यात लाकडाची फोड सापडली, तर जाळू नका. पोराच्या हातात द्या. माझ्यातली तेवढीच अजून शिकवू शकते.