बिनचोकची गाडी

जसोंडी गावात लीलाधर आप्पांची एक फुशारकी सगळ्यांना पाठ होती: आपल्या गाडीला चोक लागत नाही, कितीही थंडी पडू दे, लगेच चालू. आता खरं सांगायचं तर हिवाळ्यात सकाळी ती मोटारसायकल चालू करायची त्यांची बायको, मालूबाई. आप्पा चुलीपुढं चहा पीत बसायचे, तोवर ती बाई थंड इंजिन पेटावं म्हणून टाकीखालचा चोक ओढायची, किक मारायची, इंजिन गरम झालं की चोक बंद करून गुमान आत यायची. नवऱ्याचा तोरा राहतो तर राहू दे, आपलं काय जातं! लेकीला, पूर्णिमाला, हे लहानपणापासून ठाऊक होतं. मायलेकी त्यावर तोंडाला पदर लावून हसायच्या.

यंदा पौषात एका पहाटे मालूबाईच्या छातीत कळ आली. आप्पांनी घामाघूम होईस्तोवर किका मारल्या. चोकला हात लावला नाही. लावतील कसा, गाडीला तो लागतच नव्हता ना! शेवटी शेजाऱ्याची केळी वाहायची गाडी मिळाली, पण बुऱ्हाणपूरच्या दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

तेरावं झालं तरी आप्पांच्या घशाखाली घास उतरेना. एकच घोकणी, गाडी बिघडली होती की माझंच काही चुकलं? पूर्णिमा सासरहून आलेली, ती ऐकून ऐकून सुकली. अखेर आप्पांनी उन्हाच्या वेळी गाडी बुऱ्हाणपूरला, इतवारा पेठेत विपुल मिस्त्रीकडं नेली. थंडीत दुखणं दिसेल म्हणून त्यानं ती रात्रभर ठेवून घेतली. सकाळी बापलेक निकाल ऐकायला हजर.

विपुलनं ते यायच्या आधीच प्लग काढून पाहिला होता, ठिणगी झकास. कार्बोरेटर उघडला होता, तोही साफ. आप्पा नळावर तोंड धुवायला गेले तेवढ्यात त्यानं चोक ओढला आणि किक मारली. गाडी चालू झाली. तो हसत म्हणाला, ताई, गाडी एकदम ठीक आहे, काकांनी चोकच ओढला नसेल.

पूर्णिमानं झटकन चावी फिरवून गाडी बंद केली.

"दादा, हे त्यांना कळलं तर ते जगायचे नाहीत. तुमच्या पाया पडते, गाडीच खराब होती म्हणा."

विपुलनं भंगारातून एक गंजलेला कार्बोरेटर काढला. आप्पा आल्यावर त्यानं तो त्यांच्या हातात दिला. आतून जाम झाला होता, म्हणाला, त्या दिवशी कोणाकडूनच गाडी चालू झाली नसती. पहाटेच नवा टाकलाय, पण आता याला थंडीत चोक ओढावा लागेल.

आप्पा तिथंच फरशीवर बसून पोरासारखे रडले. रडू दे, पूर्णिमाला वाटलं, सुटले बिचारे एकदाचे.

मग त्यांनी डोळे पुसले.

"रोज सकाळी तीच तर चालू करायची. बिघडत चाललीय हे तिला कळलं नसंल? एका शब्दानं बोलली नाही मला. तुझ्या मायनं स्वतःच्या हातानं घात करून घेतला बघ."

सगळं पूर्णिमाच्या जिभेवर आलं. माय काय करायची, कोणासाठी करायची, सगळं. आप्पा तिच्याकडं बघत होते. कितीतरी दिवसांनी त्यांच्या तोंडावर जरा कळा आली होती.

"हो आप्पा," ती म्हणाली. "मायचंच चुकलं."