चीर पडलेला खल

मी एक जुना खल आहे मित्रांनो, चिनी मातीचा. माझे भाऊबंद स्वयंपाकघरात मसाला कुटतात, मी प्रयोगशाळेत माशांचे अवयव कुटतो. दगडासारखा गोठवलेला तुकडा आला, की मी आणि माझा बत्ता त्याचे पीठ करून सोडतो. एके काळी माझे फार कौतुक होते. मग कुटायचे यंत्र आले आणि मी कपाटात धूळ खात पडलो.

यंत्र बिघडले, तेव्हा संशोधक ताईंना माझी आठवण झाली. माशाच्या यकृतात विष निकामी करणारे एक विकर, म्हणजे एन्झाइम, असते. त्याचे जनुक ताईंनी चौदा महिने खपून वेगळे काढले होते, जिवाणूंमध्ये वाढवले होते. आता ते कोणकोणत्या अवयवात जागे असते, एवढेच पाहायचे होते. ताईंनी आधी यकृत कुटले, मला घाईघाईत धुतले, मग कल्ले, मेंदू, स्नायू.

जनुक जागे असले, की तपासणीत उजळ पट्टी उमटते. इथे तर सगळ्याच अवयवांत उजळ पट्ट्या! ताईंचे मार्गदर्शक सर खूश झाले. "हे कुणालाच सापडलं नव्हतं. लेख पाठवून टाक."

ताईंचा चेहरा मात्र उतरला. विष निकामी करणे हे यकृताचे काम, मग स्नायूत हे जनुक इतके जागे कसे?

भांडी धुणाऱ्या मावशींनी मला उजेडात धरले. "ताई, याला चीर आहे बघा. कितीही घासा, आत लालसर राहतंच."

यकृताची भुकटी माझ्याच चिरेत दडून पुढच्या प्रत्येक अवयवात मिसळली होती. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. ताई गप्प बसल्या असत्या, तर त्यांचा लेख छापून आला असता. पण त्या तडक सरांकडे गेल्या आणि सगळे सांगून मोकळ्या झाल्या.

सर म्हणाले, "पुन्हा कर. आणि तो खल फेकून दे."

"फेकता कशाला?" मावशी म्हणाल्या. "याला यकृतच कुटू दे की. बाकीच्यांना नवे आणा."

प्रत्येक अवयवाला वेगळा खल आला. महिन्याभराने ताईंनी निकाल पाहिला. यकृताची पट्टी लख्ख, आणि स्नायूची जागा कोरी. त्या कोऱ्या जागेकडे पाहून ताईंनी मावशींना मिठीच मारली.

मित्रांनो, भांडे मन लावून धुवा. चीर दिसली तर लपवू नका, पण भांडे टाकायचीही घाई करू नका. माझ्या अंगावर आता मावशींच्या अक्षरात चिठ्ठी आहे: 'फक्त यकृत'. चीर अजून तशीच आहे, आणि उद्या सकाळी मला काम आहे.