न कापलेली सोळा पानं

मी एक हिंदी कादंबरी आहे, आणि चाळीस वर्षं मला माझाच शेवट ठाऊक नव्हता. हसू नका. तुम्हाला तरी तुमचा कुठे ठाऊक असतो?

मला लिहिलं एका शाळेतल्या बाईंनी. त्यांची आजी एका राजवाड्यात, राणीवशातल्या बायकांची वेणीफणी करायची. तिनं सांगितलेलं बाईंनी वह्यांत उतरवलं आणि त्यातून मी झाले. माझ्या पहिल्या प्रकरणात राणीवशात नऊ जणी आहेत. पुढे एकेकीचं नाव निघेनासं होतं. कुणी गेली, कुणी मेली, असं कुठेच म्हटलेलं नाही. सोळाव्या प्रकरणात ताटं नऊच मांडली जातात, जेवायला चौघी बसतात, आणि ताटं उचलायला येणाऱ्या दासीला नऊही ताटं रिकामी दिसतात.

त्यापुढचं प्रकरण शेवटचं. ते बंद राहिलं.

चूक बांधणी करणाऱ्याची. छापलेला मोठा कागद दुमडून सोळा पानं करतात, शिवतात आणि मग कडा कापतात, तेव्हा पानं सुटी होतात. माझा शेवटचा कागद जरा आत सरकून शिवला गेला. पातं त्याच्यापर्यंत पोचलंच नाही. माझ्या बाकीच्या बहिणी, म्हणजे इतर प्रती, छापखान्याच्या गोदामात वाळवीनं खाल्ल्या. मी एकटी एका वाचनालयात आले.

तिथून मला एकदाच कुणीतरी वाचायला नेलं. हिंदी कादंबरीचा इतिहास लिहिणारे एक प्राध्यापक होते. सोळावं प्रकरण संपवून त्यांनी चिकटलेली पानं पाहिली, कडेवर नख टेकवलं, आणि थांबले. टेबलावर आणखी ढीग होता. "उपसंहार असेल," असं स्वतःशीच म्हणून त्यांनी मला मिटलं. त्यांच्या इतिहासात माझ्यावर एकच ओळ आली: 'लेखिकेला आपलीच पात्रं आठवत नाहीत, पाच स्त्रिया वाटेतच हरवतात.' त्यानंतर मला कुणी वाचायला नेलं नाही.

हरवल्या नव्हत्या हो. माझ्या दुमडीत पाच आवाज होते. दुपारी वाचनालय सामसूम झालं की कुजबूज सुरू व्हायची. कागद आखडतोय, अशी मी मनाची समजूत घालायची.

एकदा मला लिहिणाऱ्या बाई स्वतः आल्या. केस पांढरे, हातात कापडी पिशवी. त्यांनी माझ्या कडेवरून अंगठा फिरवला, आणि तो अडला तिथंच त्या उभ्या राहिल्या.

"पट्टी देऊ का, बाई? कापून घ्या," शिपाई म्हणाला.

"मी कापून काय उपयोग? आत कोण आहे ते मला माहीतच आहे."

त्यांनी मला जागेवर ठेवलं. पुन्हा त्या आल्या नाहीत. काही महिन्यांनी त्या वारल्याचं शिपाई कुणाला तरी सांगत होता; त्या दिवसापासून माझ्या आत सहा आवाज झाले.

यंदा वाचनालयानं न वाचली जाणारी पुस्तकं रद्दीत काढायची ठरवली. ग्रंथपालबाईंनी माझी तारखांची चिठ्ठी पाहिली आणि रोज पेपर वाचायला येणाऱ्या एका म्हाताऱ्यांना हाक मारली. तेच प्राध्यापक.

"सर, चाळीस वर्षांत तुम्ही एकटेच. शनिवारी गठ्ठा जातोय. ठेवू की देऊ?"

"मी काय सांगणार? माझं मत तेव्हाच छापून आलंय." त्यांनी मला चाळलं. बोट अडलं. चेहरा उतरला.

ग्रंथपालबाई वाकून बघत म्हणाल्या, "ही तर कापलेलीच नाहीत. मग मत कशावर दिलंत, सर?"

त्यांनी पट्टी मागितली. खिडकीशी बसून एकेक पान कापलं. माझ्या अंगातून चाळीस वर्षांची कोंडलेली हवा बाहेर पडली, आणि मलाही तेव्हाच कळलं. बाहेरून कडी घातलेली एक खोली. आत पाचजणी. एक म्हणते, 'मघाशी दाराशी एक माणूस आला होता. शिकलेला वाटला. कडीवर हात ठेवला, दमल्यासारखा थांबला, आणि परत गेला. बाहेर त्यानं सांगितलं असेल, आत कुणी नाही.'

प्राध्यापकांनी त्या ओळीवर बोट ठेवलं. "बाई, हे आधीपासून असंच होतं?"

"छापलेलं पुस्तक आहे, सर. मागाहून कोण लिहिणार?"

त्यांनी सही केली, मला घरी आणलं आणि एका मासिकाला पत्र लिहायला घेतलं. 'मी ती कादंबरी पूर्ण वाचली नव्हती.' 'पूर्ण' खोडायचे, पुन्हा लिहायचे, पुढे 'बहुधा' घालायचे.

"एका वाक्याला चार दिवस, बाबा?" चहा ठेवत सून म्हणाली.

"चाळीस वर्षं उशिरा आलंय. नीट बसत नाही."

"मग उभ्यानं जाऊ दे. पण टपालात टाका."

आज सकाळी पत्र गेलं. 'बहुधा' न घालता. माझ्या आत आता एकही आवाज नाही. इतकी शांतता मला सोसत नाही, पण तक्रार नाही.

तुमच्या कपाटात कुणी असेल, तर एकदा कडेवरून अंगठा फिरवून बघा. एवढंच मागणं.

कारण दुपारपासून प्राध्यापकांच्या कपाटातून कुजबूज ऐकू येते आहे. त्यांनी निकालात काढलेली सगळी पुस्तकं तिथं आहेत.

"सूनबाई, काही ऐकू येतंय का?"

"नाही, बाबा."

त्यांनी चष्मा चढवला. मग पट्टी घेऊन उठले.