तिसरं वाक्य

मोठ्या बाईंनी रेकॉर्डिंग थांबवलं, थोडं मागे नेलं आणि तोच तुकडा पुन्हा लावला.

"तुझ्यावर माझा विश्वास आहे," गणितबाईंचा आवाज आला. "जे झालं त्यात तुझी काही चूक नव्हती." मग जराशी शांतता, खुर्चीची कुरकुर, आणि एकदम, "पाणी हवंय का तुला?"

"मला तेव्हा खरंच तहान लागली होती हो," सरावात मुलगी झालेल्या नर्सबाई म्हणाल्या. वर्गात खसखस पिकली. गणितबाई हसल्या नाहीत.

ज्या मुलामुलींना मोठ्या माणसांनी धाकाने नाहीतर आमिषाने वापरून घेतलं, त्यांच्यावर उपचार करणारे समुपदेशक तयार करायचा हा वर्ग होता. त्याला सहा आठवडे झाले होते. मोठ्या बाई नावाच्याच मोठ्या. खुर्चीत बसल्या की त्यांचे पाय जमिनीला टेकत नसत. पण त्यांचे नियम पक्के. दाराजवळची खुर्ची मुलाची, म्हणजे वाटेल तेव्हा त्याला उठून जाता येतं. टिश्यूचा डबा त्याच्या हाताशी ठेवायचा, पण पुढे करायचा नाही. पुढे केला की मुलाला वाटतं, आता रडणं आवरायला हवं. आणि मूल पहिल्यांदा तोंड उघडेल तेव्हा तीन वाक्यं म्हणायची. माझा विश्वास आहे, तुझी चूक नव्हती, आणि तिसरं, तू सांगितलंस ते बरं केलंस.

"तीन सराव झाले, तीन वेगळे जोडीदार," मोठ्या बाई म्हणाल्या. "तिन्ही वेळा तिसरं वाक्य गायब. गणितात मुलांनी एक पायरी गाळली तर तुम्ही मार्क कापायचात ना?"

"कापायचे."

"मग?"

"पाठ आहे मला. आत्ता म्हणून दाखवते."

"पाठ आहे हे दिसतंच आहे. म्हणून तर विचारतेय."

वर्ग सुटल्यावर त्यांनी गणितबाईंना मागे थांबवून घेतलं. वीस वर्षं शाळेत गणित शिकवून झाल्यावर, पन्नाशीच्या तोंडावर ही बाई नव्याने बाकावर येऊन बसली होती, आणि या प्रशिक्षणाचं शेवटचं पाऊल तेवढं उरलं होतं. मोठ्या बाईंनी एक फाईल तिच्यापुढे सरकवली.

"सोमवारी ही तुमची पहिली मुलगी. पंधरा वर्षांची आहे. बालगृहात येऊन दोन महिने झाले, कुणाशी चकार शब्द बोललेली नाही."

गणितबाईंनी फॉर्म चाळला. 'सर्वप्रथम कोणाला सांगितले?' या प्रश्नापुढे कुणीतरी ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं, 'कोणालाही नाही.' त्यांनी पान उलटलं.

"वाक्य असं विसरत नसतं कुणी," मोठ्या बाई म्हणाल्या. "ते आत कुठेतरी अडतं. कुठे अडतं ते मला सांगायलाच हवं असं नाही. पण तसंच अडलेलं घेऊन त्या मुलीसमोर बसू नका. नाही जमलं तर सोमवारी सकाळी सांगा, मी बसेन. त्यात कमीपणा नाही."

ते कुठे अडतं हे गणितबाईंना शोधावं लागणार नव्हतं. पस्तीस वर्षांत ते जागचं हललं नव्हतं.

रविवारी दुपारी त्या धाकट्या बहिणीकडे गेल्या. धाकटी घरी पडदे शिवून द्यायची. गळ्यात टेप, ओठांत टाचणी, आणि शिलाई मशीन दाराला अगदी खेटून, खिडकीपाशी चांगला उजेड असूनही. लग्न असो की दवाखाना, धाकटी नेहमी दाराजवळ बसायची आणि सगळे तिची चेष्टा करायचे, की काय गं, तुझी गाडी सुटतेय का? चेष्टा करणाऱ्यांत गणितबाई सगळ्यांत पुढे. दाराजवळच्या खुर्चीचा नियम त्यांनी वहीत लिहून घेतला होता, खाली दोन रेघा मारल्या होत्या, तरी हे कधी डोक्यात आलं नव्हतं. आज उंबऱ्यातच आलं आणि त्या तिथेच थांबल्या.

"ये ताई. चहा तूच टाक, माझे हात गुंतलेत."

"जिन्यावर तू मला सांगितलं होतंस," गणितबाई उभ्या उभ्याच म्हणाल्या. "त्या घड्याळवाल्याचं."

मशीन थांबलं.

तेव्हा एक चौदाची होती, दुसरी बाराची. आई लोकांचे कपडे इस्त्री करून द्यायची. घड्याळं दुरुस्त करणाऱ्या त्या माणसाचे सदरे दर शनिवारी पोचवायचं काम धाकटीकडे होतं, आणि पुढच्या शनिवारपासून थोरलीने जायचं ठरलं होतं. धाकटीच्या मनगटावर त्याने दिलेलं छोटं घड्याळ होतं. घरात सगळ्यांना त्याचं कौतुक. त्या दिवशी जिन्यावर ती म्हणाली, "ताई, तू जाऊ नकोस. तो दार लावतो." आणखी दोन वाक्यं बोलली. थोरली म्हणाली, "गप्प बस. आईला सांगू नकोस." पुढच्या शनिवारी थोरलीचं डोकं दुखायला लागलं. मग ते दर शनिवारी दुखू लागलं. सदरे धाकटीच नेत राहिली, वर्षभर, तो माणूस दुकान बंद करून निघून जाईपर्यंत.

"आठवतंय तुला?" धाकटीने ओठांतली टाचणी काढून मशीनवरच्या टाचण्यांच्या उशीला टोचली. "मला वाटायचं, तुला काही कळलंच नव्हतं. तूसुद्धा लहानच होतीस की. मी धड सांगितलं नाही आणि तुला कळलं नाही, असंच मी धरून चालले होते." तिने ताईकडे पाहिलं. "कळलं होतं का?"

'नाही' म्हणणं सोपं होतं. त्या एका 'नाही'च्या भरवशावर धाकटीने आपली बहीण राखली होती. ताईच्या ऑपरेशनला आठ रात्री उशाशी बसली होती, ताईच्या मुलीच्या लग्नाचे पडदे तिनेच शिवले होते. आणखी एकदा खोटं बोललं की सगळं जिथल्या तिथे राहिलं असतं.

"कळलं होतं," गणितबाई म्हणाल्या. "सगळं कळलं होतं. माझं डोकं कधीच दुखलं नाही."

धाकटीने मांडीवरच्या पडद्याची घडी घालायला घेतली. घडी चुकली. तिने ती उलगडली, पुन्हा घातली, पुन्हा चुकली. डोळ्यांतलं पाणी कापडावर पडत होतं आणि ती ते पुसत नव्हती. गणितबाईंचा हात पर्समधल्या रुमालाकडे गेला, तो त्यांनी मागे घेतला. जवळ जाऊन तिला कुशीत घ्यायचा हक्क आपल्याला नाही, एवढं त्यांना वर्गात न शिकताही समजत होतं. त्यांनाही हुंदका येत होता. पण रडायची पाळी आज त्यांची नव्हती, म्हणून त्यांनी तो गिळला.

"तू सांगितलंस," त्यांनी सुरुवात केली. "तू मला सांगितलंस ते..."

"नको." धाकटीने मान वर केली नाही. "ते तू म्हणू नकोस. मी सांगितलं म्हणून तू वाचलीस, ते मला माहीत आहे. त्यासाठीच सांगितलं होतं. पण तुझ्या तोंडून नको. आज तरी नको."

गणितबाई उभ्याच राहिल्या. चहा टाकायचा राहूनच गेला. बऱ्याच वेळाने धाकटीने नाक ओढलं आणि नेहमीच्या आवाजात विचारलं, "उद्यापासून तुझं ते काम सुरू ना?"

"हो. पंधरा वर्षांची मुलगी आहे."

"तिला विचारू नकोस, आधी कुणाला सांगितलं होतंस म्हणून."

"का गं?"

"मला कुणी विचारलं असतं ना, तर मी म्हटलं असतं, कुणालाच नाही." तिने टाचण्यांची उशी उचलून बाजूला ठेवली. "जा तू आता. फोन करायचा तेव्हा मी करीन."

गणितबाई बाहेर पडल्या. मागून मशीन सुरू झाल्याचा आवाज येईल म्हणून त्या कोपऱ्यापर्यंत कान देऊन चालल्या. आवाज आला नाही.

सोमवारी मोठ्या बाई दारातच उभ्या होत्या. "मी बसू का?"

"नको. मी बसते."

"सुटलं का अडलेलं?"

"नाही सुटलं," गणितबाई म्हणाल्या. "पण कुठे आहे ते दोघींना माहीत झालंय."

मोठ्या बाईंनी त्यांच्याकडे नीट पाहिलं, आणि कोण दोघी ते न विचारता वाट दिली.

मुलगी आली, दाराजवळच्या खुर्चीच्या अगदी कडेला टेकली. टाचा चपलेबाहेर, नजर छताकडे. गणितबाईंनी फाईल पालथी घातली. फॉर्मवरचं ते 'कोणालाही नाही' वाचणं आता त्यांना जमत नव्हतं. दहा मिनिटं गेली, मग वीस, मग चाळीस. त्यांनी पाणी हवंय का विचारलं नाही.

"पंखा वाजतो," मुलगी म्हणाली. दोन महिन्यांत न वापरलेला आवाज खरखरीत झाला होता.

गणितबाई उठल्या, बटण बंद केलं आणि परत येऊन बसल्या. पाती हळूहळू थांबली. खोलीत उकडायला लागलं.

"सांगितलंस ते बरं केलंस," त्या म्हणाल्या.