आधी पोचेल त्यानं थांबायचं

आमच्या घाटाचा नियम एकच: आधी पोचेल त्यानं माथ्यावर थांबायचं. मग वारा असो, गारा असोत, पोटात कावळे ओरडत असोत. दुसरा येईपर्यंत उतरायचं नाही. तो आला की पहिल्यांदा त्याच्या हातात पेपर ठेवायचा. कालचा, परवाचा, कुठलाही. चढताना अंग घामानं निथळतं आणि उतार लागला की तोच घाम छातीवर गोठतो. म्हणून पेपर जर्सीच्या आत छातीला लावायचा, जर्सीची चेन गळ्यापर्यंत ओढायची आणि जोडीनं उतरायचं. आताची पोरं मुठीत मावेल असं जाकीट घेऊन येतात, मनगटावर मिनिटं बघतात आणि एकेकटी सुटतात. मी त्यांना काही बोलत नाही. तो हक्क मी गमावून बसलोय.

मी तुल्यो, गावचा न्हावी. फेर्मोची बेकरी माझ्या दुकानाच्या समोर. दोघांचाही सोमवार सुट्टीचा, त्यामुळे आमची सायकल सोमवारची. जूनमध्ये बर्फ हटवून रस्ता उघडला की ऑक्टोबरपर्यंत आम्ही क्रोचेत्ताचा घाट चढायचो. सत्तावीस वळणं. सातव्या-आठव्या वळणापर्यंत गप्पा व्हायच्या, मग फेर्मो "चल, ये मागून" म्हणायचा आणि बघता बघता दोन वळणं वर दिसायचा. मी धापा टाकत माथ्यावर पोचायचो तेव्हा हा घाटाच्या नावाच्या पाटीला टेकून बसलेला, मांडीवर पेपर.

"काय रे, वाटेत कुणाची दाढी करत बसला होतास?"

"तुझ्या सासूची," मी म्हणायचो. "अर्धीच झालीय, पुढच्या सोमवारी परत बसायचंय."

हसून हसून तो पेपर माझ्या छातीवर थापटायचा. दोन्ही पेपर त्याच्याच मागच्या खिशात असायचे. आधी तोच पोचणार, मग माझ्याकडे ठेवून करायचे काय?

चौतीस वर्षं हे असंच चाललं. मी हसायचो, पण मला ते लागायचं. दुकानात गालाला साबण लावून बसलेलं गिऱ्हाईक विचारायचं, "मग, फेर्मोला काल किती वेळ ताटकळत ठेवलंस?" मीही चढलो, असं कुणाच्या डोक्यातही यायचं नाही. गावाच्या लेखी घाट फेर्मो चढायचा आणि मी त्याला थांबायला लावायचो.

एकोणीसशे नव्वदच्या सप्टेंबरातला तो सोमवार. दोघंही अठ्ठावन्नचे. सकाळी आभाळ निरभ्र होतं, दुपारी डोंगरामागून ढग वर येऊ लागले. फेर्मो नेहमीप्रमाणे पुढे गेला होता. चोविसाव्या वळणावर झऱ्याचं पाणी येतं ते दगडी कुंड आहे. तिथे त्याची सायकल भिंतीला टेकवलेली दिसली. तो माझ्याकडे पाठ करून कुंडावर वाकला होता, एक हात दगडावर टेकलेला. पाणी पितोय, मी मनाशी म्हटलं.

हाक मारायला मी तोंड उघडलं आणि मिटलं. पायडल मारायचं थांबलं की मागचं चाक टकटकतं, म्हणून पाय थांबू दिले नाहीत. रस्त्याच्या पलीकडच्या कडेनं, श्वास धरून, अठ्ठावन्न वर्षांचा घोडा मी, चोरासारखा त्याच्या मागून निघून गेलो.

माथ्यावर कोणी नव्हतं. तिथली खानावळ मोसम संपला म्हणून बंद झालेली. नुसती पाटी, लाकडी क्रूस आणि मी. किती आनंद झाला म्हणून सांगू! पाटीला हात लावून मी मोठ्यानं ओरडलो. तिथेच बसलो असतो, दहा मिनिटांत तो आला असता, मी माझा टोमणा मारला असता आणि आज हे लिहायची वेळ आली नसती. पण मनात आलं, तो म्हणेल, मी पाण्याला थांबलो होतो, हे काही खरं नव्हे. तेच मी घाटाच्या पलीकडे, पायथ्याशी निव्हेसच्या खानावळीत बसलेला दिसलो, पुढ्यात अर्धा रिकामा पेला, तर त्याची बोलती बंद होईल. मी उतरलो. छातीला पेपर नाही, दात वाजत होते, आणि मी गाणं म्हणत होतो.

निव्हेस आमच्यापेक्षा दहा वर्षांनी मोठी. दर सोमवारी आमचं सूप तिच्याकडे.

"फेर्मो कुठाय?" तिनं विचारलं.

"मागे आहे."

"मागे? आणि तू थांबला नाहीस?"

"आजच्या दिवस त्यालाच येऊ दे की धापा टाकत."

ती हसली नाही. तासाभरानं ती दारात जाऊन उभी राहिली. माथा ढगात गेला होता. "तुल्यो, माझ्या भाच्याची गाडी आहे. वर जाऊन बघून ये."

"रुसला असेल गं. मागच्या मागे घरी गेला असेल."

"रुसायला तो काय तू आहेस?"

तरीही मी उठलो नाही. आणखी एक पेला मागवला. डोंगराला वळसा घालून खोऱ्यातल्या रस्त्यानं गावात पोचलो तेव्हा संध्याकाळ झाली होती आणि बेकरीच्या दारात फेर्मोची बायको एर्मिनिया उभी होती. मला बघून तिनं क्रूसाची खूण केली.

"तू धड आहेस! अरे, तो तुला शोधत होता."

तिच्याकडून कळलं, मी मागेच आहे असं समजून फेर्मो माथ्यावर थांबला होता. दोन तास. खिंडीतल्या वाऱ्यात, मग गारांच्या पावसात. येणाऱ्या प्रत्येक गाडीला हात दाखवून विचारत होता, निळ्या जर्सीतला म्हातारा दिसला का? शेवटी त्याला वाटलं, मी कुठेतरी पडलोय. मग तो आमच्याच बाजूनं परत उतरला, प्रत्येक वळणावर थांबून, कठड्यावरून दरीत मला हाका मारत. बोटं इतकी गारठली की एकोणिसाव्या वळणावर ब्रेक दाबता आला नाही. रस्त्याच्या कामगारांना तो गटारात सापडला. खांद्याचं हाड मोडलेलं, आणि तरी इस्पितळात नेताना त्यांना सांगत होता, माझं राहू द्या, तुल्यो वर आहे.

"धुक्यात चुकामूक झाली असेल तुमची," एर्मिनिया म्हणाली.

मी मान डोलावली. मी तोंडानं खोटं बोललो नाही, असं पुष्कळ दिवस स्वतःला समजावत होतो.

खांदा जुळला. पण न्यूमोनियानं त्याला धरलं, आणि डॉक्टरांना कळलं की हृदय आधीपासूनच कुरकुरत होतं. तेव्हा मला ते कुंड आठवलं, दगडावर टेकलेला हात आठवला. तो पाणी पीत नव्हता. मी हाक मारली असती तर त्यानं सांगितलं असतं, तुल्यो, आज बरं वाटत नाही.

हिवाळाभर दर सोमवारी त्याची दाढी करायला जायचो. जिना चढताना ठरवायचो, आज सांगायचं. वस्तरा हातात घेतला की ठरवायचो, दाढी झाल्यावर सांगू. दाढी झाली की एर्मिनिया कॉफी घेऊन यायची. भेटायला येईल त्याला फेर्मो स्वतःच सांगायचा, "चौतीस वर्षांत एकदाच मी पुरता थांबलो नाही, आणि बिचारा तुल्यो धुक्यात एकटा राहिला." लोक त्याला गमतीनं रागवायचे, असा कसा रे मित्राला सोडून आलास? तो ओशाळून हसायचा. आणि मी ब्रश धूत राहायचो. निव्हेसला सगळं माहीत होतं, पण ती पलीकडच्या खोऱ्यातली. मी तिच्याकडे जायचंच बंद केलं.

एप्रिलमध्ये त्याचं बोलणं दम घेत घेत होऊ लागलं. एका सोमवारी त्यानं उशीखाली हात घातला आणि पावाच्या कागदी पिशवीत गुंडाळलेला पेपर काढला. सप्टेंबरातला. घडी तशीच, कोरडी.

"तुझा आहे. माझा भिजला पार. हा पिशवीत ठेवला होता, तू येशील तेव्हा कोरडा मिळावा म्हणून."

मी तो घेतला.

"आणखी थोडं थांबायला हवं होतं मी," तो म्हणाला. "नियम तो नियम. तुल्यो, मनात काही ठेवलं नाहीस ना?"

हीच ती वेळ होती. एर्मिनिया खाली दुकानात होती. खोलीत आम्ही दोघंच. सांगितलं असतं तर तो चिडला असता, शिव्या दिल्या असत्या, कदाचित पोट धरून हसलाही असता: शेवटी एकदा आधी पोचलास म्हणायचा! मला त्याच्या डोळ्यांकडे बघवलं नाही. मी त्याच्या गालाला साबण लावायला घेतला.

"वेडा आहेस का," मी म्हणालो. "तुला केव्हाच माफ केलं मी."

त्यानं डोळे मिटले आणि हनुवटी वर केली, वस्तऱ्यासाठी. गुरुवारी तो गेला.